क्रिएटिनिन नॉर्मल आलं, पण लघवी तपासली का?

मागच्या अंकात म्हटलं होतं की किडनीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, तर एवढे प्रश्न आलेत की सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्यच नाही. सारखे वाटले ते एकत्र केलेत, नावं काढून टाकलीयेत, फक्त गाव किंवा एरिया ठेवलाय. एक सांगते, जवळजवळ प्रत्येक पत्रात रक्ताचा रिपोर्ट होता आणि लघवीचा रिपोर्ट फक्त दोघांनीच पाठवला. गेली कित्येक वर्षं पुण्यात किडनीचेच पेशंट बघतेय आणि ओपीडीतही रोज हेच दिसतं, त्यामुळे खाली मी तेच तेच परत सांगतेय असं वाटलं तर वाटू दे.

प्रश्न : डॉक्टर, माझी आई ६८ वर्षांची आहे. १४ वर्षांपासून शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. दिवाळीपासून संध्याकाळी पाय सुजतात, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो, परवा तर जोडवी काढायला साबण लावावा लागला. रात्री तीन-चारदा लघवीला उठते. क्रिएटिनिन १.२ आलं, रिपोर्टवर रेंज ०.६ ते १.३ छापलीये, म्हणजे नॉर्मलच ना? आई म्हणते वयाप्रमाणे होतं असं, दिवसभर पाय खाली सोडून बसते म्हणून. — वारजे

उत्तर : ताई, ती छापलेली रेंज आईसाठी नाहीये, ती सगळ्यांसाठी मिळून आहे आणि तिथेच घोळ होतो. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून निघणारा कचरा, किडनी तो रक्तातून गाळून बाहेर टाकते. ज्याचे स्नायू दणकट त्याचं क्रिएटिनिन मुळातच जास्त, आणि आईसारखी बारीक चणीची वयस्कर बाई असेल तर मुळात कमी. म्हणून वय आणि बाई-पुरुष हे धरून ईजीएफआर नावाचा आकडा काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळतेय त्याचा अंदाज. आता हे बघा, पंचवीस वर्षांच्या मुलाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर त्याचा ईजीएफआर साधारण ८६ येतो. तेच १.२ तुमच्या आईच्या वयाला लावलं तर येतो ४९ च्या आसपास. ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर त्याला आम्ही क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतो. रिपोर्टवर ना बोल्ड अक्षर, ना लाल खूण, आणि आईची किडनी निम्म्यावर आलेली असू शकते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आईची लघवी तपासली का? तुम्ही लिहिलेलं नाहीये म्हणजे बहुतेक नाहीच. शुगरवाल्या माणसाची किडनी बिघडायला लागली की बऱ्याचदा आधी लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन गळायला लागतं, क्रिएटिनिन तेव्हा अगदी छान असतं, आणि हे असं कित्येक वर्षं चालू राहू शकतं, कुठे दुखत नाही खुपत नाही. घरी बघायचं तर फेस बघा. उंचावरून धार पडली की फेस सगळ्यांनाच येतो आणि मिनिटभरात विरतो, कमोडमध्ये क्लीनर टाकलेला असेल तरी येतो. प्रोटीनचा फेस वेगळा असतो, अंड्यातला पांढरा बलक फेटल्यावर जसा थर बसतो तसा, फ्लश केलं तरी कडेला चिकटून राहतो. अंड्याच्या पांढऱ्यातही अल्ब्युमिनच असतं ना. पण थोडं थोडं गळत असेल तेव्हा फेस दिसत नाही, म्हणून फेस नाही तर काही नाही असं मनात आणू नका. सकाळची पहिली लघवी लॅबमध्ये द्या आणि युरिन रूटीनबरोबर ‘अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो’ असं कागदावर लिहून न्या, कारण नुसतं रूटीन केलं तर सुरुवातीचं बारीक गळणं त्यात सुटू शकतं. आकडा ३० च्या आत हवा. ताप असेल, लघवीची जळजळ असेल तर तो तात्पुरता वाढतो, मग बरं वाटल्यावर परत करायचा.

सूज किडनीचीच असेल असं मी इथून नाही सांगू शकत. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा, खड्डा पडून तसाच राहिला तर ती पाण्याची सूज. हार्ट, लिव्हर, थायरॉईड, पायाच्या शिरा, काहीही असू शकतं. आणि बीपीची गोळी कुठली आहे ते बघा, अम्लोडिपिन असेल तर त्याने सुद्धा घोटे सुजतात, फार कॉमन आहे. रात्री उठण्याचंही तसंच, शुगर वाढली की लघवी वाढतेच, पण किडनी थकली की तिला रात्रीची लघवी घट्ट करून साठवता येत नाही, म्हणून माणूस उठतो. एकेक सुटं धरलं तर प्रत्येकाला कारण सापडतं हो. तुम्ही चारही एका पत्रात लिहिलंत म्हणून मी एवढं लांबवतेय.

आमच्या घरात हे झालेलं आहे. माझी मावशी दोन वर्षं दमायची, जिना चढली की धाप लागायची, हिमोग्लोबिन ८. आम्ही तिला बीट, खजूर, अळीवाचे लाडू, लोहाच्या गोळ्या सगळं दिलं. मी तेव्हा एमबीबीएसला होते. रक्त तयार करा असा निरोप हाडातल्या मगजाला किडनीतून जाणाऱ्या एरिथ्रोपोएटिन नावाच्या हार्मोनने मिळतो हे मी पाठ करून परीक्षेत लिहिलेलं होतं, आणि मावशीचं क्रिएटिनिन करावं हे माझ्याही डोक्यात आलं नाही आणि ज्या डॉक्टरांकडे ती जायची त्यांच्याही नाही. केलं तेव्हा ६ होतं. म्हणून सांगते, लोह देऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल तर किडनी बघा.

आईच्या बाबतीत लवकर कळलं तर हातात खूप काही आहे. बीपी १३०/८० च्या आसपास आणायचं, त्यासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल गटातली गोळी, जी अल्ब्युमिनची गळती पण कमी करते. शिवाय डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आल्यात, मुळात शुगरसाठी आलेल्या पण किडनी टिकवतात हे सिद्ध झालंय, आणि आता जेनेरिकमध्ये परवडणाऱ्या किमतीत मिळतात. डॉक्टरांना विचारून, स्वतःहून नाही. मीठ दिवसाला एक चहाचा चमचा, त्यात पापड लोणचं फरसाण सगळं आलं.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. सकाळी उठला की डोळे सुजलेले असतात, दुपारपर्यंत उतरतात. ॲलर्जी म्हणून दोन आठवडे ड्रॉप्स घातले. आता चड्डीचं इलॅस्टिक कमरेला रुततंय आणि पोट मोठं दिसतंय. खेळतोय, जेवतोय. — धायरी

उत्तर : उद्या सकाळीच लघवी तपासा, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे परत जायच्या आधी. रात्रभर आडवं झोपल्यावर पाणी चेहऱ्यावर उतरतं, दिवसभर खेळला की खाली पोटात आणि पायात जातं, म्हणून दुपारी डोळे बरे दिसतात आणि आईबाबांना वाटतं की गेली ॲलर्जी. ॲलर्जीत डोळे लाल होतात, खाजतात. लघवीत प्रोटीन ३ प्लस किंवा ४ प्लस आलं तर नेफ्रोटिक सिंड्रोम असण्याची शक्यता मोठी, आणि नाव भीतीदायक असलं तरी या वयातली बहुतेक मुलं स्टेरॉईडच्या गोळ्यांनी चांगली होतात. स्टेरॉईड शब्द ऐकून मध्येच बंद करू नका, सगळ्यात जास्त गडबड त्यानेच होते. आजार परत परत उलटतो, म्हणून घरी रोज सकाळी लघवीत तपासणीची पट्टी बुडवून प्रोटीन बघायचं आणि वहीत लिहायचं. माझ्याकडे एक आई दुरेघी वहीत लिहून आणते, तारीख, प्रोटीन, वजन, आणि शेवटच्या रकान्यात मुलगा स्वतः हसरा किंवा रडका चेहरा काढतो. ताप, पोटदुखी, लघवी फारच कमी, यातलं काही झालं तर मात्र वाट न बघता दवाखाना.

प्रश्न : वय ७४, वीस वर्षं डायबेटिस. गेल्या पाच-सहा महिन्यांत शुगर आपोआप कमी यायला लागली. आधी इन्सुलिन ३० युनिट घ्यायचो, आता १२ वर आलोय, तरी दुपारी कधीकधी घाम सुटून हात थरथरतात, साखर खाल्ली की बरं वाटतं. मित्र म्हणतात रोज पर्वती चढतोस त्याचं फळ मिळालं. बाकी ठीक, फक्त जेवण जात नाही, दात घासताना उमळून येतं आणि रात्री अंगाला खाज सुटते. हिने खोबरेल लावून बघितलं, फरक नाही. — सदाशिव पेठ

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या मी ऑफिसमधून तुम्हाला फोन करायला लावला होता. पण असे अजून कोणी असतील म्हणून इथे पण लिहितेय.

इन्सुलिन शरीरात काम करून झालं की त्याची विल्हेवाट लावण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. किडनी मंदावली की तेच इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं, जुना डोस जास्त व्हायला लागतो, आणि काही शुगरच्या गोळ्यांचंही असंच होतं. म्हणजे वजन, जेवण, व्यायाम यात काहीच मोठं बदललं नसताना शुगर ‘सुधारली’ तर ती किडनीची घंटा असू शकते. आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर म्हणून जी एचबीएवनसी करतात, ती सुद्धा किडनीमुळे रक्त कमी झालेलं असेल तर खोटी कमी दाखवू शकते, त्यामुळे रिपोर्ट बघून अजूनच आनंद होतो. भोरकडचे एक आजोबा होते, शुगर गेली म्हणून त्यांनी वाडीत पेढे वाटले होते. माझ्याकडे आले तेव्हा उचकी थांबत नव्हती आणि सून सांगत होती की सकाळपासून नातवाला भलत्याच नावाने हाक मारतायत. त्या पेढ्यांची गोष्ट सांगताना ती रडायला लागली, म्हणाली आम्हीच खाल्ले हो.

तुमचं उमळणं, जेवणावरची वासना जाणं, अंगावर पुरळ नसताना खाज, तोंडाला तांब्या-पितळेसारखी चव (ते तुम्ही फोनवर बोललात), हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. ॲसिडिटीची गोळी आणि खोबरेल यात वेळ गेला तो गेला. क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, युरिन आणि किडनीची सोनोग्राफी, हे याच आठवड्यात. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका, तुमच्या डॉक्टरांना आजच्या आज शुगरचे आकडे वाचून दाखवा आणि डोस ठरवून घ्या. मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही विचारा, ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की ती कमी करतात आणि ३० च्या खाली बंदच. खिशात साखर ठेवा, आणि दुपारी एकटं बाहेर पडू नका. पर्वती थोडे दिवस राहू दे.

प्रश्न : वय २७, खराडीत आयटीत आहे, जिम करतो. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये क्रिएटिनिन १.४ आलं, ईजीएफआर ७०. प्रोटीन पावडर आणि क्रिएटिन घेतो. गूगल करून झोप उडालीये. — खराडी

उत्तर : झोपा नीट. स्नायू जास्त, वरून क्रिएटिन (त्याचंच पुढे क्रिएटिनिन होतं), आदल्या दिवशी चिकन, सकाळी लेग डे, एवढं जमलं की आकडा वर जातो आणि किडनी ठणठणीत असू शकते. पण असू शकते म्हणतेय, आहे म्हणत नाहीये. क्रिएटिन दोन-तीन आठवडे बंद करा, दोन दिवस जड व्यायाम आणि मटण-चिकन टाळून परत टेस्ट करा, सोबत युरिन अल्ब्युमिन आणि बीपी. तरीही डाउट राहिला तर सिस्टॅटिन सी नावाची टेस्ट असते, तिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. लघवी आणि बीपी दोन्ही स्वच्छ निघाले तर मला आनंद आहे. बीपी १५० निघालं तर मात्र या वयात ते का आहे हे शोधल्याशिवाय सोडायचं नाही, कारण तरुण मुलांमध्ये बीपी हेच कधीकधी किडनीच्या आजाराचं पहिलं आणि एकुलतं एक लक्षण असतं.

प्रश्न : माझे वडील ६३ वर्षांचे, दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालतात. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्यांची स्ट्रिप नेतात, सकाळ-संध्याकाळ एकेक. बीपीच्या गोळ्या चालू आहेत. यंदा आल्यावर चार दिवस नुसते पडून होते, लघवी अगदी थोडी आणि कोऱ्या चहासारखी. क्रिएटिनिन २.८ निघालं. ॲडमिट केलं, सलाईन लावलं, तीन आठवड्यांनी १.३ वर आलं. पुढच्या वर्षी जाऊ द्यायचं का? ते ऐकणार नाहीत. — सासवड

उत्तर : जाऊ द्या. वारी थांबवा असं मी कधीच कोणाला सांगत नाही, आणि सांगून कोणी ऐकलेलं पण नाही. गोळ्या थांबवा.

काय झालं ते समजून घ्या म्हणजे त्यांना समजावता येईल. किडनीत रक्त गाळलं जातं ते प्रेशरवर. आत येणारी बारीक नळी आणि बाहेर जाणारी बारीक नळी, मध्ये गाळणी. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन असल्या गोळ्यांनी येणारी नळी आवळली जाते. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांनी जाणारी नळी सैल होते, एरवी ते चांगलंच असतं, त्यानेच किडनी वाचते. पण दिवे घाटात घाम गळतोय, पाणी कमी प्यायलंय कारण वाटेत लघवीला कुठे जायचं, एखाद दिवशी जुलाब झालेत, लघवीची गोळी पण चालू आहे, आणि त्यात ही दुखण्याची गोळी. सोसायटीच्या टाकीला येणारा पाइप आवळला, जाणारा सोडून दिला आणि पालिकेचं पाणी पण कमी आलं, तर प्रेशर राहणार कुठून? गाळायचं काम बंद पडतं. दुखतंय म्हणून घेतलेल्या साध्या गोळीने हे होतं आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. बायकांना जास्त काळजी करावी लागते खरंतर, कारण त्या लघवीला जायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत.

यात अजून एक फसगत आहे. लोक हुशारीने पॅरासिटामॉल मागतात, आणि मिळते ती गोळी पॅरासिटामॉल अधिक असेक्लोफेनॅक किंवा अधिक आयब्युप्रोफेन अशी जोडगोळी असते. नाव वेगळंच, मागे बारीक अक्षरात घटक. स्ट्रिप उलटी करून वाचायची सवय लावा, वडिलांना दिसत नसेल तर तुम्ही वाचून नुसत्या पॅरासिटामॉलची स्ट्रिप पिशवीत घालून द्या. दुखण्याचं इंजेक्शन त्याच जातीतलं असतं, तेही तंबूत जाऊन घ्यायचं नाही. गुडघ्याला पट्टा, शेक, मलम चालेल.

निघायच्या महिनाभर आधी क्रिएटिनिन, युरिन, बीपी बघा. उलट्या-जुलाब झाले तर बीपीच्या आणि लघवीच्या कोणत्या गोळ्या तेवढे दिवस थांबवायच्या हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या आणि तो कागद दिंडीतल्या एखाद्या तरुण पोराकडे द्या. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, जुलाब झाले तर ओआरएस. लघवी फिकट लिंबू सरबतासारखी दिसली पाहिजे, गडद झाली की सावलीला बसायचं. कोऱ्या चहासारखी किंवा कोकमच्या रंगाची आली तर त्यात रक्त असू शकतं, किंवा अतिश्रमाने फुटलेल्या स्नायूंचा रंग असू शकतो, तेव्हा पुढचा मुक्काम सोडून सरळ हॉस्पिटल. आणि यंदाचं १.३ हे ‘परत आलं’ असं म्हणून फाईल बंद करू नका, आधी किती होतं ते शोधा, तीन महिन्यांनी परत करा. एकदा असा झटका बसलेल्या किडनीला पुढे कायमचा आजार व्हायचा धोका जास्त असतो.

प्रश्न : कंबर सतत दुखते, आमच्याकडे टँकरचं आणि बोअरचं जड पाणी येतं. किडनी खराब झाली असेल का? — चिखली

उत्तर : नुसती कंबरदुखी बहुतेक वेळा पाठीच्या स्नायूंची आणि मणक्याची असते. किडनी खराब होताना बहुतांश लोकांना दुखतच नाही, हाच तर सगळा त्रास आहे. मुतखड्याची कळ वेगळी, बरगडीखालून जांघेकडे लाटेसारखी उतरते, माणसाला बसू देत नाही झोपू देत नाही. जड पाण्यापेक्षा कमी पाण्याची भीती धरा. खड्याची कळ थांबली तरी सोनोग्राफी परत करा, खडा नळीत अडकून गप्प बसतो आणि वरची किडनी हळूहळू फुगून निकामी होते, हे मी बघितलंय.

प्रश्न : नणंदेने किडनी साफ करणारी पावडर आणून दिलीये, मिस्टर (५५, क्रिएटिनिन १.९) दोन महिने घेतायत. बीपीसाठी लो सोडियम मीठ पण आणलं, म्हणजे बिनधास्त खाता येईल. डॉक्टरांना सांगितलं नाही, रागावतील. — औंध

उत्तर : वहिनी, सांगा. डब्यासकट पावडर घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. रागावले तर रागावू दे, मी पण रागावते, पण ते कळल्याशिवाय पुढचं औषध ठरवता येत नाही. किडनी घासूनपुसून साफ करणारी कुठली पावडर नसते. आयुर्वेदाबद्दल मी वाईट बोलत नाहीये, शिकलेले वैद्य नाडी बघून कागदावर लिहून देतात. मला भीती आहे ती लेबल नसलेल्या पुड्यांची, ज्यात पारा, शिसं किंवा चक्क दुखण्याची गोळी कुटून घातलेली निघते. पाऱ्याची गोष्ट निघालीच आहे तर, गोरं करणाऱ्या बिनकंपनीच्या क्रीममध्ये पण तो असतो आणि तो कातडीतून जाऊन किडनीतून प्रोटीन गळायला लावतो, केरळातल्या डॉक्टरांनी असे पेशंट नोंदवलेत. घरात मुली वापरत असतील तर फेकून द्या.

लो सोडियम मीठ लगेच बंद. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं, आणि कमजोर किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, तेही काहीही आधी न जाणवता. सैंधव म्हणजे सुद्धा मीठच, तेही कमीच खायचं. आणि स्टार फ्रूट, ते पाच कडांचं आंबट फळ जे शाळेबाहेर आणि सिंहगडावर तिखटमीठ लावून मिळतं, ते किडनीच्या पेशंटने एक फोडही खायची नाही, उचकी लागून पुढे झटके येऊन माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

प्रश्न : माझा भाऊ ४६ वर्षांचा, रिक्षा चालवतो. ईजीएफआर ९ झालाय. शुगर नाही, बीपी होतं, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. डॉक्टर हातावर फिस्तुला करायला सांगतायत, तो म्हणतो मला तर काही होत नाहीये, एकदा डायलिसिसच्या मशीनला लावलं की सुटका नाही. त्याला काय सांगू? — येरवडा

उत्तर : ताई, त्याला सांगा की मशीनने कोणी अडकत नाही, किडनी गेलेली असते म्हणून मशीन लागतं. ज्यांची किडनी तात्पुरती बंद पडते, सासवडच्या त्या काकांसारखी, त्यांना काही दिवस डायलिसिस करून आम्ही कायमचं सोडतोही. भावाचं तसं नाही, आणि त्याच्यापासून हे लपवून उपयोग नाही.

फिस्तुला म्हणजे हाताची धमनी आणि शीर जोडून जाड शीर तयार करायची. ती पिकायला साधारण दीड-दोन महिने लागतात, म्हणून आत्ता करायची म्हणतायत, डायलिसिस आत्ता सुरू करायचं म्हणून नव्हे. नाही केली तर एक दिवस रात्री धाप लागून येईल, मग घाईघाईने मानेत नळी घालावी लागते, त्यात इन्फेक्शनची भीती. तोपर्यंत ज्या हाताला फिस्तुला करायची त्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, सलाईन नाही, बीपीचा पट्टा नाही. लॅबवाल्याला दरवेळी आपणच सांगायचं.

काही होत नाहीये म्हणतो, पण तुम्ही बघा. आडवं झोपल्यावर धाप लागते म्हणून उशा वाढवल्यात का, बसल्या बसल्या झोप लागते का, रिक्षात तर फारच वाईट, हातपाय एकदम लुळे वाटतात का, उचकी थांबत नाही असं होतं का, बोलण्यात गोंधळ, लघवी दिवसभरात कपभर, छातीत धडधड. यातलं एकही दिसलं तर त्याच रात्री कॅज्युअल्टी, सकाळची वाट नाही.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन ससूनला किंवा योजनेतल्या जवळच्या हॉस्पिटलला आरोग्यमित्रांना भेटा. मशीनवर आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास जातात. त्याला ते वेळेचं जमत नसेल तर पोटाचं डायलिसिस असतं, घरी दिवसातून तीन-चारदा पोटात सोडायच्या पाण्याची पिशवी बदलायची, अधल्या मधल्या वेळात रिक्षा चालवता येते, फक्त स्वच्छता काटेकोर हवी. आणि ट्रान्सप्लांटचं बोलणं आत्ताच काढा. घरातलं कोणी देणार असेल तर मशीनवर जायच्या आधीही करता येतं, नसेल तर दान आलेल्या अवयवांचं वाटप बघणाऱ्या झेडटीसीसी पुणे या संस्थेच्या यादीत नाव हॉस्पिटलमार्फत लागतं, आणि तिथे नंबर यायला वर्षं जातात म्हणून उशीर नको.

शेवटचं, या वयात शुगर नसताना किडनी गेलीये म्हणजे घरात पुढे चालत आलेलं काही असू शकतं. किडनीत पाण्याच्या गाठी होणारा एक आजार आई किंवा वडिलांकडून निम्म्या मुलांत येऊ शकतो. त्याच्या सोनोग्राफीत काय लिहिलंय ते वाचा आणि तुम्ही, बाकीची भावंडं, त्याची मुलं, सगळ्यांनी बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन करून घ्या. फिस्तुलाची तारीख घ्यायला तो जाईल त्या दिवशी त्याच्याच रिक्षात बसून तुम्ही पण जा, आणि सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन जा.